पदवी आधी की ड्राफ्ट? पिट अर्ध्यावर सोडून गेलेला लॅरी फिट्झजेराल्ड

तीन_नद्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आई साताऱ्याहून सध्या आमच्याकडे पिट्सबर्गला आली आहे. बाहेर गुडघाभर बर्फ, त्यामुळे दिवसभर घरातच असते आणि नातवाच्या गप्पा ऐकत बसते. नातू इथल्याच पिट विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीत त्याच्या तोंडी एकच विषय असतो: कॉलेज फुटबॉलमधला कोणता खेळाडू चौथं वर्ष खेळायला परत येणार आणि कोण कॉलेज सोडून ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीला, नाव देणार. परवा जेवताना तो अशाच एका रिसीव्हरबद्दल सांगत होता. आईने घास हातातच ठेवून विचारलं, "एकच वर्ष राहिलंय, मग पदवी टाकून का जातंय ते पोरगं? त्याच्या आईनं काही म्हटलं नाही का?"

नातू म्हणाला, "आजी, पैसे मिळतात." हे उत्तर मला अपुरं वाटलं. मी तिला लॅरी फिट्झजेराल्डची गोष्ट सांगितली. त्या रात्री नीट सांगता आली नाही, म्हणून इथे लिहितो.

मी २००२ मध्ये पिटला शिकायला आलो, त्याच वर्षी लॅरीही आला. फुटबॉलचं मला ओ की ठो कळत नव्हतं. (हा अमेरिकन फुटबॉल. लांबुळका चेंडू, अकरा-अकरा जण. क्वार्टरबॅक फेकतो आणि रिसीव्हर पळत जाऊन झेलतो, चेंडू टोकाच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन, एवढं धरून चाला.) रूममेटच्या आग्रहाने ओकलंडहून (पिट्सबर्गमधला विद्यापीठाचा भाग) विद्यार्थ्यांच्या बसने नदीकाठच्या स्टेडियमवर जायला लागलो. २००३ च्या मोसमात या मुलाने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ९२ झेल, १,६७२ यार्ड, २२ टचडाऊन. दोन वर्षांत मिळून ओळीने १८ सामने असे, की प्रत्येकात त्याचा किमान एक टचडाऊन झेल.

त्याचे हात अजून डोळ्यासमोर आहेत. बाकीचे रिसीव्हर चेंडू येताना दिसला की हात आधीच वर करतात, त्यामुळे पाठीशी असलेल्या बचावपटूला कळतं की चेंडू आला. लॅरी हात शेवटच्या क्षणापर्यंत खालीच ठेवायचा. धावण्याचा वेग तोच, खांदे तसेच, आणि मग एकदम दोन्ही पंजे वर. चेंडू त्यात अलगद बसायचा, छातीला लावावाच लागायचा नाही. त्याचे आजोबा शिकागोत डोळे तपासायचे. लहानपणी सुट्टीत ते त्याच्याकडून नजरेचे व्यायाम करून घेत, हे मला पुढे कळलं. त्या नोव्हेंबरात आम्ही व्हर्जिनिया टेकला ३१-२८ ने हरवलं. रात्री विद्यापीठाच्या ४२ मजली मनोऱ्यावर, कथेड्रल ऑफ लर्निंगवर, विजयाचे सोनेरी दिवे लागले, तेव्हा अख्खं ओकलंड रस्त्यावर होतं.

दोन महिन्यांत तो गेला. दोनच मोसम खेळून, पदवी अर्धी टाकून. एप्रिल २००४ च्या ड्राफ्टमध्ये अ‍ॅरिझोनाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. त्याची आई, कॅरल, एप्रिल २००३ मध्ये कर्करोगाने गेली होती, म्हणजे तो सोन्यासारखा मोसम सुरू होण्याच्या चार-पाच महिने आधी. आपण पदवी पूर्ण करू, असा शब्द त्याने आईला दिला होता. म्हणजे आईने म्हटलं होतं, आणि तरीही तो गेला.

मला वाटतं त्याने बरोबर केलं. तुमचं काय मत?

---

शाहू_स्टेडियमवाला

धागा मनापासून आवडला. आम्ही कोल्हापूरकर, आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, पेठापेठांतल्या तालमींचा. त्यामुळे हा प्रकार नवा आहे. दोन शंका. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव का? आणि दोन वर्षांत जाता येतं, तर मग शाळेतून थेट का जात नाहीत?

---

तीन_नद्या

दादा, लिलाव नाही, बोली लागतच नाही. ३२ संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात, गेल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ साधारणपणे आधी. अशा सात फेऱ्या होतात. ज्याने निवडलं त्याच्याकडेच जायचं. मुंबई हवी, चेन्नई नको, असं चालत नाही. आणि कितव्या क्रमांकावर निवड झाली त्यावरून पहिल्या चार वर्षांचा करार जवळजवळ ठरलेलाच असतो.

दुसरी शंका महत्त्वाची. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला नाव देता येत नाही. लॅरी दोन वर्षांत गेला, कारण त्याने मधलं एक वर्ष व्हॅली फोर्ज या लष्करी शाळेत गुण सुधारण्यात घालवलं होतं. त्याच्या मूळ वर्गाला शाळा सोडून तीन वर्षं झाली होती, ते लीगने मान्य केलं.

त्याच सुमारास दुसऱ्या दोघांचं काय झालं ते वाचलं की अंगावर काटा येतो. ओहायो स्टेट विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा खेळाडू) मॉरिस क्लॅरेट पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेत्या संघात होता. पुढच्या मोसमात विद्यापीठाने त्याला निलंबित केलं. त्याने तीन वर्षांच्या अटीविरुद्ध खटला भरला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये जिंकला. तो निकाल पाहून कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठाचा रिसीव्हर माइक विल्यम्स यानेही दुसऱ्या वर्षानंतर नाव दिलं, एजंट नेमला. मग वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. (ते निकालपत्र लिहिणाऱ्या सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या.) एजंट नेमल्यामुळे कॉलेजने दार लावलेलं, अटीमुळे लीगनेही. ना घर का ना घाट का. २००४ चा पूर्ण मोसम विल्यम्स घरी बसून होता, आणि त्याच मोसमात यूएससी मैदानावर एकही सामना हरलं नाही.

विल्यम्सला २००५ मध्ये डेट्रॉइटने दहाव्या क्रमांकावर घेतलं, पण त्याचा जम कधी नीट बसला नाही. क्लॅरेट तर लीगमधला एकही सामना खेळला नाही. वीस वर्षांच्या पोरांनी न्यायाधीशाच्या निकालावर भरवसा ठेवला, यात त्यांचं काय चुकलं?

---

कोलंबसची_माई

मी आजींच्या बाजूने.

माझ्या घरापासून ओहायो स्टेटचं मैदान पंधरा मिनिटांवर आहे, मुलींनी तिथूनच पदव्या घेतल्या. अगदी अलीकडचे, एकाच संघातले, एकाच वर्गातले दोन रिसीव्हर सांगते. मार्विन हॅरिसन ज्युनियर आणि एमेका इबुका. दोघांनाही २०२४ च्या ड्राफ्टला जाता येत होतं. हॅरिसनने तर २०२३ च्या डिसेंबरातला कॉटन बोल हा मोसमाअखेरचा सामनाही खेळला नाही. तो चौथ्या क्रमांकावर अ‍ॅरिझोनाला गेला. इबुकाचं तिसरं वर्ष घोट्याच्या दुखापतीत गेलं होतं, तो थांबला. जानेवारी २०२५ मध्ये अटलांटात आम्ही नोत्र दामला ३४-२३ ने हरवून राष्ट्रीय विजेते झालो, तेव्हा तो मैदानात होता. ओहायो स्टेटच्या इतिहासात सर्वाधिक झेल आज त्याच्या नावावर आहेत, २०५. आणि तरीही पहिल्या फेरीत, १९ व्या क्रमांकावर टँपाने घेतलाच की!

अलाबामाचा डेव्होंटा स्मिथही थांबला होता. त्याच्या जोडीचे जेरी ज्यूडी आणि हेन्री रग्ज २०२० मध्ये पहिल्या फेरीत गेले. हा चौथं वर्ष खेळला, १,८५६ यार्ड, २३ टचडाऊन, आणि १९९१ च्या डेस्मंड हॉवर्डनंतर हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळवणारा पहिला रिसीव्हर ठरला. शेवटच्या सामन्यात आमच्याच ओहायो स्टेटला त्याने मध्यंतरापर्यंत तीन टचडाऊन मारले होते. मी त्या रात्री टीव्ही बंद करून झोपले, तरी सांगते, मुलगा थांबला ते सोनं झालं. दहाव्या क्रमांकावर गेला, म्हणजे आधी गेलेल्या दोघांपेक्षाही वर.

एक वर्ष ही फार मोठी गोष्ट नाही. हातातलं पूर्ण करून जावं.

---

अस्थिरोग_नागपूर

माई, तुमचं म्हणणं पटतं, पण मी रोज गुडघे पाहतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

रिसीव्हर पूर्ण वेगात पळताना एक पाय रोवून अचानक दिशा बदलतो. त्या क्षणी गुडघ्याच्या आतला जो बंध नडगीला जागेवर धरून ठेवतो, तो म्हणजे एसीएल. तो तुटायला समोरच्याचा धक्काही लागत नाही. पाय रोवला, मांडी आत वळली, संपलं. रुग्ण सांगतात, "डॉक्टर, आतून कट् असा आवाज आला." तो आवाज त्यांना वर्षानुवर्षं आठवतो. मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायूबंध काढून नवा बंध बसवतात. मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष. वेग परत येतो, पण पाय रोवताना मनात शंका आली की तिथेच अर्धं पाऊल जातं. आणि या खेळात अर्धं पाऊल म्हणजे सगळंच.

अलाबामाचा रिसीव्हर जेमसन विल्यम्स, त्याचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात, कॉलेजमधल्या शेवटच्या सामन्यात, त्याचा एसीएल गेला. लीगमधला पहिला सामना त्याला डिसेंबरात खेळता आला. त्याचं नशीब थोर म्हणून डेट्रॉइटने तरीही १२ व्या क्रमांकावर घेतला.

यूएससीचा मार्कीझ ली तेवढा नशीबवान नव्हता. २०१२ मध्ये, दुसऱ्या वर्षाला असताना, त्याने ११८ झेल आणि १,७२१ यार्ड केले आणि देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार घेतला. तीन वर्षांच्या अटीमुळे तेव्हा जाता येत नव्हतं. पुढचं वर्ष दुखापतींत गेलं आणि ज्याला सगळे पहिल्या फेरीतला धरत होते तो दुसऱ्या फेरीत ३९ वा गेला. नियमाने थांबवलं म्हणून थांबला आणि किंमत त्याने मोजली. पदवी चाळिशीतही घेता येते. बावीस वर्षांचा गुडघा मात्र बाविशीतच असतो.

---

हिशेबनीस_डॅलस

डॉक्टरसाहेबांच्या मुद्द्याला जोडून आकडे देतो, कारण "पैसे मिळतात" यामागचं गणित बाहेरच्यांना दिसत नाही.

२०११ च्या करारापासून नव्या खेळाडूंचे पगार क्रमांकानुसार बांधलेले आहेत. चार वर्षांचा करार, पहिल्या फेरीतल्यांसाठी संघाच्या मर्जीवर पाचवं वर्ष. तीन मोसम झाल्याशिवाय नवा करार करता येत नाही. म्हणजे खरा पैसा दुसऱ्या करारात असतो. त्या घड्याळाला जितक्या लवकर चावी द्याल, तितके तरुणपणी तुम्ही दुसऱ्या कराराच्या टेबलावर बसता.

रिसीव्हर जस्टिन जेफरसन तिसरं वर्ष संपवून एलएसयू (लुइझियाना स्टेट) विद्यापीठातून निघाला. २०२० मध्ये मिनेसोटाने २२ व्या क्रमांकावर घेतला. पहिला चार वर्षांचा करार साधारण १ कोटी ३० लाख डॉलरचा. जून २०२४ मध्ये दुसरा झाला तो चार वर्षांचा, १४ कोटी डॉलरचा, त्यातले ११ कोटी हमीचे. तेव्हा त्याचं पंचविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. कॉलेजात एक वर्ष जास्त काढलं असतं तर हा करार एक वर्ष पुढे गेला असता, आणि मधल्या प्रत्येक सामन्यात डॉक्टर म्हणतात तो "कट्" टांगणीला.

उलट बाजूही सांगतो. अँटोनिओ ब्राऊन सेंट्रल मिशिगनमधून तिसऱ्या वर्षानंतर निघाला आणि सहाव्या फेरीत, १९५ वा गेला. पिट्सबर्गनेच घेतला. तो पुढे केवढा मोठा खेळाडू झाला ते सगळ्यांना माहीत आहे, पण सहाव्या फेरीतल्या मुलाच्या हातात सहीच्या वेळच्या थोड्या रकमेपलीकडे काहीच हमीचं नसतं. सराव शिबिरातून काढून टाकलं की संपलं.

म्हणून लीगची एक सल्लागार समिती असते. मुलाने विचारलं की ती तीनपैकी एक उत्तर देते: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा कॉलेजातच थांब. माझ्या मते पहिली दोन आली तर निघावं, तिसरं आलं तर थांबावं.

---

वाचनवेडी_सांगली

तिसरं उत्तर येऊनही जी मुलं निघतात त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. मला या खेळातलं काही कळत नाही, पण घरातलं कळतं.

माझा भाचा कबड्डी खेळायचा. चढाईला गेला की मैदान गप्प व्हायचं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, कारण एका ओळखीच्या माणसाने मोठ्या संघात नाव घालतो म्हणून सांगितलं होतं. वर्षभर हेलपाटे घातले. मग जिल्हा सामन्यात गुडघा गेला. ऑपरेशनचा खर्च भावाने म्हैस विकून केला. ज्याने शब्द दिला होता त्याने फोन उचलणं बंद केलं. आज भाचा चौतीस वर्षांचा आहे, दुधाच्या गाडीवर आहे, मेहनती आहे, सुखाने राहतो. पण टीव्हीवर कबड्डी लागली की उठून बाहेर जातो.

त्याने खेळ निवडला ते चुकलं, असं मी कधीच म्हटलं नाही. कोणी खरं सांगणारं नव्हतं, याचं वाईट वाटतं. हिशेबनीसांनी लिहिलेली ती समिती वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या पोराला कोणी एक ओळ लिहून द्यायला हवी होती, की बाळा, थांब अजून.

---

शाहू_स्टेडियमवाला

ताई, अक्षरन् अक्षर खरं आहे. आमच्या तालमीत असे चार जण आहेत.

---

कोलंबसची_माई

वाचनवेडी, मला तुमच्या भाच्याला भेटायला आवडेल.

डॉक्टर आणि हिशेबनीस, तुम्ही मला अर्धं पटवलंत. एक विचारते. आता तर कॉलेजातच मुलांना पैसे मिळायला लागले आहेत ना? मग जायची घाई कशाला?

---

तीन_नद्या

माई, खूप योग्य प्रश्न. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवता येतात, जाहिराती, करार वगैरे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या सीमेवरची पुष्कळ मुलं आता थांबतात. घरचा चुलीचा प्रश्न सुटला की माणूस शांतपणे विचार करू शकतो. मला हा बदल मनापासून आवडला. लॅरीच्या काळी भर स्टेडियममध्ये त्याच्या क्रमांकाचे शर्ट विकले जायचे आणि त्याला त्यातला एक पैसा मिळत नव्हता.

पण याची एक दुखरी बाजू आम्ही पिटकरांनी भोगली आहे. जॉर्डन अ‍ॅडिसनने २०२१ मध्ये आमच्याकडे १०० झेल आणि १७ टचडाऊन केले, बिलेटनिकॉफ मिळवला. दुसऱ्या वर्षाला होता, ड्राफ्टला जाता येत नव्हतं. तो यूएससीला निघून गेला, तिथे एक मोसम खेळला आणि २०२३ मध्ये २३ वा निवडला गेला. त्याच्यावर राग नाही, त्याला तो हक्क होता. पण लॅरी गेला तेव्हा मुलगी सासरी गेल्यासारखं वाटलं होतं. अ‍ॅडिसन गेला तेव्हा तसं वाटलं नाही, एवढं खरं.

त्या मानाने टायलर बॉइड. इथून जवळच्या क्लेअरटनचा, पोलादाच्या कारखान्यांच्या गावातला पोरगा. पिटमध्ये तीन वर्षं खेळला, २५४ झेल आणि ३,३६१ यार्डांचे विद्यापीठाचे विक्रम केले आणि २०१६ मध्ये चौथं वर्ष न खेळता गेला. दुसरी फेरी, ५५ वा. सिनसिनाटीत आठ वर्षं टिकला. त्याच्याबद्दल इथे कोणीही वावगा शब्द काढत नाही.

---

अस्थिरोग_नागपूर

पण धागाकर्ते, मुख्य गोष्ट राहिलीच की. लॅरीने आईला दिलेल्या शब्दाचं काय झालं?

---

तीन_नद्या

तेच सांगायचं होतं, मध्येच भरकटलो.

लॅरी अ‍ॅरिझोनात १७ मोसम खेळला. एकच संघ. १,४३२ झेल, १७,४९२ यार्ड. दोन्हींत त्याच्या पुढे फक्त जेरी राइस. आईची आठवण म्हणून त्याने वर्षानुवर्षं केस कापले नाहीत, हेल्मेटखालून त्या जटा पाठीवर दिसायच्या.

१ फेब्रुवारी २००९ ला टँपात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, झाला तो नेमका आमच्या पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध. सामना संपायला २ मिनिटं ३७ सेकंद असताना लॅरीने चेंडू घेतला आणि मैदानाच्या मधोमध ६४ यार्ड पळत सुटला. पळताना वर मोठ्या पडद्यावर बघत होता, मागे कोणी येतंय का ते. अ‍ॅरिझोना २३-२० ने पुढे. आमच्या दिवाणखान्यात पंधरा माणसं, सगळी पिवळ्या-काळ्या कपड्यांत, सुन्न बसलेली. मी एकटा उभा राहिलो होतो आणि माझं मलाच कळत नव्हतं की रडू का हसू. मग ३५ सेकंद उरले असताना सँटोनिओ होम्सने कोपऱ्यात पायाची बोटं टेकवून झेल घेतला आणि आम्ही २७-२३ ने जिंकलो. होम्सही ओहायो स्टेटमधून लवकर निघालेलाच, माई!

आणि शब्द. पगार कोट्यवधींत गेले, नाव झालं, कुणी विचारणारं नव्हतं. तरी मोसमांच्या मधल्या काळात तो अभ्यास करत राहिला. २०१६ मध्ये, आई गेल्यावर तेरा वर्षांनी, युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्समधून पदवी पूर्ण केली. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता आणि लीगमध्ये खेळतच होता.

काल रात्री हे सगळं आईला पुन्हा नीट सांगितलं. नंतर नातवाने फोनवर ते हात दाखवले, व्हर्जिनिया टेकच्या सामन्यातले नाही, अ‍ॅरिझोनातले. तिने तीनदा परत लावायला सांगितलं. मग विचारलं, "पदवी घेतली तेव्हा बाप होता का बघायला?" वडील आहेत, मिनिॲपोलिसला क्रीडा पत्रकार होते, असं सांगितल्यावर मान डोलावली.

या वर्षीचा, २०२६ चा, ड्राफ्ट आमच्या गावातच आहे, २३ ते २५ एप्रिल, तीन नद्या मिळतात त्या टोकावर आणि पलीकडे स्टेडियमपाशी. गुरुवारी पहिली फेरी. नातू मित्रांबरोबर जाणार आहे. आईचं परतीचं तिकीट मार्चचं होतं. सकाळी चहा पिताना म्हणाली, "पुढं ढकलता येतं का बघ. पोरांच्या आया येतात ना तिथं? मला त्यांना बघायचंय."

मे महिन्याचं करून घेतलं आहे.